थरावर थर

वस्तु घडविण्याच्या ज्या रीति माणसानें आजवर चालविल्या, त्यांतल्या दोन आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. पहिलींत मोठा ठोकळा घेऊन त्यांतलें नको असेल तें काढून टाकावयाचें; पाथरवट, सुतार आणि लेथवरचा कारागीर हे सारे या एकाच पंथाचे. दुसरींत सांचा करून त्यांत रस ओतावयाचा, किंवा तापलेल्या धातूला घणाखालीं वळण द्यावयाचें; हा ओताऱ्याचा आणि लोहाराचा पंथ. तिसरीहि एक रीत आहे, ती भर घालीत जाण्याची. कुंभारीण माशी मातीचें घर बांधते तें याच रीतीनें, आणि गवंडी भिंत उभारतो तीहि याच रीतीनें. परंतु यंत्रशाळेंत या रीतीला फारसा मान कधीं नव्हता. तो तिला गेल्या चाळीस वर्षांत मिळाला. संगणकावर काढलेल्या आकृतीचे पातळ काप करावयाचे, आणि त्या कापांबरहुकूम यंत्रानें द्रव्याचा एकेक थर दुसऱ्यावर बसवीत जावयाचें, अशी ही विद्या आहे. शास्त्रज्ञ तिला अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. बाजारांत तिचें नांव थ्री-डी प्रिंटिंग. मी आजच्या भाषणापुरतें तिला थररचना म्हणणार आहें. शब्द माझ्या पदरचा आहे, पण माझ्या वर्गांत तो चालतो.

ही विद्या काय आहे यापेक्षां ती अभियांत्रिकीच्या आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना कशी शिकवावी, हा माझा आजचा विषय आहे. श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, यंत्र इतकें सोपें, त्यांत शिकवावयाचें तें काय ? माझें उत्तर असें कीं, यंत्र सोपें आहे हीच तर अडचण आहे. लेथयंत्रावर विद्यार्थ्याचा हात चुकला तर हत्यार किंचाळूं लागतें, कातण निळी पडते, काम हादरतें. यंत्रच त्याला तेथल्या तेथें दटावतें. थररचनेचें यंत्र असें कांहींच करीत नाहीं. सकाळीं कळ दाबावी, सायंकाळीं पाटावर वस्तु तयार. ती दिसावयास सुबक असते. परंतु ती भार घेईल कीं नाहीं, उन्हांत टिकेल कीं नाहीं, ती या रीतीनें करावयासच हवी होती कीं नाहीं, यांतलें एक अक्षरहि तिच्या अंगावर लिहिलेलें नसतें. लेथयंत्र जें आपणहून शिकवितें, तें येथें शिक्षकाला मुद्दाम शिकवावें लागतें. कित्येक महाविद्यालयांत असें यंत्र समारंभपूर्वक येतें, त्याची पूजा होते, त्यावर संस्थेचें बोधचिन्ह आणि एखादा गणपति उमटतो, आणि पुढें तें कापडाखालीं झांकून ठेवलेलें आढळतें. यंत्र आलें, अभ्यासक्रम आला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या दिवशीं मी विद्यार्थ्यांना या विद्येची कुळकथा सांगतों, आणि ती मुद्दाम सांगतों. कारण तिच्यांत एक विद्यार्थीच मुख्य पात्र आहे. जपानांत नागोया येथें हिदेओ कोदामा यांनीं प्रकाशानें घट्ट होणाऱ्या राळेचे थर रचून वस्तु करण्याचा प्रयोग १९८१ सालीं प्रसिद्ध केला. अमेरिकेंत चार्ल्स हल यांनीं १९८३ मध्यें त्याच जातीची युक्ति सिद्ध केली आणि १९८६ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. याच सुमारास टेक्सास विद्यापीठांत, ऑस्टिन येथें, कार्ल डेकर्ड नांवाचा एक तरुण यंत्रशास्त्र शिकत होता. सुटींत एका कारखान्यांत काम करीत असतां त्यानें पाहिलें कीं, ओतकामासाठीं लागणारे नमुने कुशल माणसांना हातानें घडवावे लागतात आणि त्यांत फार वेळ जातो. संगणकांतल्या आकृतीवरून तो नमुना परस्पर कां होऊं नये, असा प्रश्न त्याच्या मनांत आला. पदवी होतांच तो जो बीमन या आपल्या अध्यापकांकडे ही कल्पना घेऊन गेला. भुकटीचा थर पसरावयाचा, लेसर किरणानें हवी तेवढीच भुकटी एकजीव करावयाची, आणि त्यावर पुढचा थर द्यावयाचा. प्रारंभीं भुकटी हातानेंच शिंपडावी लागे, आणि यंत्र चालविण्यास घरगुती वापराचा लहानसा संगणक होता. पहिल्या वस्तु म्हणजे प्लॅस्टिकचे ओबडधोबड तुकडे होते. त्या तुकड्यांतून एक उद्योग उभा राहिला, आणि याच विद्यापीठांत १९९० पासून या विषयाची परिषद भरूं लागली, ती पुढें जगभरच्या संशोधकांची दरसालची वारी झाली.

दुसरी हकीकत इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाची. तेथें एड्रियन बॉयर या अध्यापकांनीं २००५ मध्यें असा संकल्प सोडला कीं, आपलेच बरेचसे भाग आपणच घडवील असें यंत्र करावयाचें आणि त्याची सारी कृति जगाला फुकट द्यावयाची. २००८ मध्यें त्या यंत्रानें आपल्या पोराचे भाग घडविले. पुढच्याच वर्षीं वितळलेल्या प्लॅस्टिकच्या तारेनें थर देण्याच्या पद्धतीचें, स्कॉट क्रंप यांचें मूळ पेटंट संपलें, आणि जें यंत्र मोठ्या प्रयोगशाळेलाच परवडे तें होतकरू विद्यार्थ्याच्या खोलींत येऊन बसलें. आज आपल्याकडील तालुक्याच्या गांवच्या महाविद्यालयांतहि तें दिसतें, त्याचें श्रेय बऱ्याच अंशीं या खुल्या दानाला आहे.

एवढें सांगून झालें म्हणजे मी यंत्राची खोली बंद करून ठेवतों. पहिला आठवडाभर यंत्राला हात लावावयाचा नाहीं असा माझ्या वर्गाचा नियम आहे. विद्यार्थी कुरकुरतात. मग मी त्यांच्यापुढें एका डोंगरी किल्ल्याचा नकाशा ठेवतों. आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं दिवाळींत अंगणांत किल्ला केला असेल; येथें तोच करावयाचा, पण पुठ्ठ्याचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा वीस वीस मीटरांवर असतात. नकाशा पांचपट मोठा केला म्हणजे प्रमाण दहा हजारांस एक होतें, आणि वीस मीटर उंची बरोबर दोन मिलिमीटर पुठ्ठ्यांत बसते. पायथ्यापासून माथा समजा ५०० मीटर असेल, तर २५ पुठ्ठे कापून एकावर एक चिकटवावयाचे. ही कल्पनाहि नवी नाहीं. समोच्च रेषांवरून थर कापून उंचसखल नकाशा तयार करण्याचें एक पेटंट अमेरिकेंत १८९२ सालचें आहे.

किल्ला पुरा होईपर्यंत निम्मी थररचना शिकून झालेली असते. जेथें कडा उभा आहे तेथें पायऱ्या दिसत नाहींत; जेथें माची पसरट उतरते तेथें त्या रुंद होऊन डोळ्यांत खुपतात. म्हणजे तोच थर एका ठिकाणीं शोभतो आणि दुसऱ्या ठिकाणीं विद्रूप करतो. तेव्हां वस्तु कोणत्या बाजूवर उभी करावयाची याचा निर्णय अगोदर घ्यावयाचा असतो. पायऱ्या कमी करावयाच्या तर पुठ्ठा एक मिलिमीटरचा घ्यावा. पण मग पुठ्ठे ५० झाले आणि बोटें दुप्पट दुखलीं. गुळगुळीतपणाची किंमत वेळांत मोजावी लागते हें वाक्य फळ्यावर लिहून कोणास पटत नाहीं. कात्रीनें पुठ्ठे कापून पटतें. आणि एखाद्या किल्ल्याला पुढें झुकलेला सुळका असला तर त्याचा पुठ्ठा अधांतरीं राहतो, त्याला खालून टेकू द्यावा लागतो. येथें मी त्यांना हेमाडपंती देवळांच्या छताची आठवण देतों. तेथें पाषाणाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षां थोडाच पुढें काढलेला असतो, आणि असें करीत करीत छत मिटत जातें. प्लॅस्टिकच्या यंत्रालाहि हीच मर्यादा आहे. साधारण ४५ अंशांपर्यंत उतार असेल तर थर आपल्या पायांवर उभे राहतात. त्याहून अधिक झुकले तर टेकू लावावे लागतात, आणि टेकू मागाहून काढले कीं त्या जागीं व्रण राहतो. जाणता रचनाकार टेकू लागणारच नाहींत असा आकार प्रथमपासून योजतो.

दुसरा धडा स्वयंपाकघरांतला आहे. वर्गांत मी चकलीचा सोऱ्या आणवितों. तारेच्या यंत्राची सारी करामत या सोऱ्यांत आहे. फरक एवढाच कीं, सोऱ्याच्या छिद्रांतून पीठ येतें आणि यंत्राच्या तोटींतून वितळलेलें प्लॅस्टिक. तार बहुधा १.७५ मिलिमीटर जाडीची, तोटीचें भोंक ०.४ मिलिमीटरचें, थर ०.२ मिलिमीटरच्या आसपासचा. सोऱ्या दाबणें थांबविलें तरी पीठ लगेच थांबत नाहीं, शेपूट लोंबत राहतें. यंत्रांतहि तसेंच होतें, म्हणून तोटी एका जागेवरून दुसऱ्या जागीं जातांना तार किंचित् मागें ओढून घ्यावी लागते. पीठ सैल भिजलें तर चकली पसरते, घट्ट भिजलें तर तुटते. प्लॅस्टिकचें उष्णमान तसेंच संभाळावें लागतें. मुलींपेक्षां मुलगेच या दिवशीं अधिक उत्साहानें सोऱ्या दाबतात असें मी पाहिलें आहे, कदाचित् घरीं त्यांना कोणी तो देत नसेल म्हणून.

आतां यंत्राची खोली उघडावयाची. पण पहिली वस्तु म्हणून गणपति नाहीं, बोधचिन्ह नाहीं. प्रत्येक तुकडीनें एकाच मापाच्या तीन पट्ट्या करावयाच्या. एक पाटावर आडवी निजवून, एक कडेवर उभी, आणि एक खांबासारखी सरळ उभी. तिन्ही पट्ट्या हातांत घेतल्या तर भावंडें वाटतात. मग एकेक पट्टी व्हाइसमध्यें पकडून तिच्या टोकाला बादली टांगावयाची आणि बादलींत वाळू ओतीत जावयाची. खांबासारखी केलेली पट्टी थोड्याच वाळूनें, बिस्किट मोडावें तशी, थरांच्या सांध्यावर साफ तुटते. इतर दोघी वांकतात, तंतु ताणले जातात, पांढरट पडतात, आणि पुष्कळ अधिक वाळू घेतल्यावर मगच हार खातात. आकृति एकच, द्रव्य एकच, यंत्र एकच. बळ मात्र निराळें. पोलादाच्या पट्टीची कोणतीहि बाजू धरली तरी तिचें बळ जवळजवळ सारखेंच, असें गृहीत धरून विद्यार्थी दोन वर्षें गणितें सोडवीत आलेला असतो. तें गृहीत त्या दुपारीं बादलीबरोबर खालीं पडतें. लांकडाला रेषा असते हें सुताराच्या पोराला कोणी शिकवावें लागत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याला थररचनेची रेषा अशी मोडूनच दाखवावी लागते.

यानंतरचें पुष्कळसें शिक्षण मापनाचें आहे, आणि तें रुक्ष असल्यामुळें शिक्षकहि तें टाळतात. दहा मिलिमीटरचें भोंक काढा म्हणून सांगितलें तर व्हर्नियरखालीं तें कांहीं दशांशांनीं लहानच भरतें. संगणकांतलें वर्तुळ यंत्राकडे जातें तें त्रिकोणांच्या जाळीचें रूप घेऊन. वर्तुळाच्या जागीं लहान लहान जीवा येतात, आणि जीवा वर्तुळाच्या आंतूनच जाते. शिवाय वळणावर टाकलेला ऊन तंतु आंतल्या बाजूला ओढला जातो. विद्यार्थ्यानें कानस घेऊन भोंक मोठें करावें हा उपाय नव्हे. आपलें यंत्र किती चुकतें याची वही त्यानें ठेवावी आणि आकृतींतच तेवढी सवलत द्यावी.

वस्तु आंतून भरीव करावी कीं पोकळ, हाहि असाच प्रश्न. यंत्र आंत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी भरतें, आणि ती किती दाट असावी हें आपण सांगावयाचें. वस्तु मजबूत हवी म्हटलें कीं विद्यार्थी जाळी दाट करतो. त्यानें तुळईच्या वांकण्याचें गणित आठवावें. वांकणाऱ्या तुळईंत ताण आणि दाब कडेला जास्त असतात, मध्यें नाममात्र. तेव्हां आंतली जाळी दाट करण्यापेक्षां बाहेरच्या भिंतीला दोन पदर अधिक दिले तर थोड्या द्रव्यांत अधिक बळ मिळतें. पुस्तकांतलें गणित येथें हातांत येतें. आणि द्रव्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों : मक्यासारख्या पिठूळ पदार्थापासून होणारें पीएलए नांवाचें प्लॅस्टिक शिकाऊ विद्यार्थ्याच्या फार सोयीचें, पण तें ६० अंश सेल्सियसच्या आसपासच मऊ पडूं लागतें. वैशाखांत नागपुरास बंद मोटारींत ठेवण्याजोगी वस्तु त्याची करूं नये. एबीएस नांवाचें दुसरें द्रव्य उन्हाला टिकतें, तर थंड होतांना अधिक आकसतें, कोपरे पाटावरून उचलले जातात, आणि पाट १०० अंशांच्या सुमारास तापवून ठेवावा लागतो.

आतांपर्यंत मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांविषयीं बोललों. डिझाइनचे विद्यार्थी त्यांच्या शेजारीं बसवावेत असा माझा आग्रह आहे, आणि अनेक संस्थांत त्याला अजून विरोध होतो. वेळापत्रकें निराळीं, इमारती निराळ्या, परीक्षा निराळ्या. वास्तविक मुंबईच्या आय. आय. टी.च्या आवारांत औद्योगिक डिझाइनचें केंद्र १९६९ पासून आहे. आणि त्याच आवारांत २०१४ सालीं वैद्यकीय उपकरणांसाठीं बेटिक नांवाचें केंद्र निघालें, त्यांत वैद्य, अभियंते आणि रचनाकार एकाच मेजाभोवतीं बसतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि नागपूरच्या व्ही. एन. आय. टी.तहि त्याच्या शाखा निघाल्या. थररचना तेथें वरचेवर लागते. कारण वैद्याच्या मनांतली वस्तु दुसऱ्या दिवशीं त्याच्या हातांत ठेवतां येते आणि चूक तेथल्या तेथें दिसते.

माझ्या वर्गांत यासाठीं एक नेहमींचें काम असतें. संधिवातानें ज्यांचीं बोटें मिटत नाहींत अशा एका व्यक्तीसाठीं चमच्याची मूठ करावयाची. मूठ त्या एका हातालाच बसली पाहिजे. सांच्यांतून काढलेल्या लाख चमच्यांपैकीं एकहि तिला बसत नाहीं, म्हणून हें काम या विद्येच्या हक्काचें. एका वर्षीं एका विद्यार्थिनीच्या आजी या कामासाठीं आल्या होत्या. डिझाइनच्या मुलांनीं मऊ मातीचा गोळा त्यांच्या हातांत देऊन तो दाबावयास सांगितला आणि त्या ठशावरून आकार घेतला. अभियांत्रिकीच्या मुलांनीं तोच आकार कोणत्या बाजूवर उभा केला म्हणजे मूठ सांध्यावर तुटणार नाहीं, तें ठरविलें. आठ दिवसांनीं मूठ घेऊन मंडळी आजींच्या घरीं गेली. आजींनीं ती धरून पाहिली आणि म्हणाल्या, “बाळांनो, फार गोजिरवाणी केलीत. पण माझा हात जेवतांना ओला असतो. ही निसटते.”

मुलांनीं मूठ पॉलिशपेपरनें घांसून गुळगुळीत केली होती. परीक्षकाला थरांच्या रेषा दिसूं नयेत म्हणून! ती दुसऱ्यांदां केली तेव्हां त्यांनीं बोटांखालीं रेषा राहूं दिल्या, उलट थोड्या ठळक केल्या. तेव्हां अभियांत्रिकीच्या एका मुलानें शंका काढली कीं, या रेषांच्या खांचांत अन्नाचे कण राहतील आणि तेथें जंतु वाढतील. कढत पाण्यानें धुवावें तर पीएलए मऊ पडेल. अखेर असें ठरलें कीं, तोंडांत जाणारा चमचा पोलादाचाच राहावा, मूठ उन्हाळ्याला आणि ऊन पाण्याला टिकणाऱ्या द्रव्याची करून तिच्या खांचा लेपानें बुजवाव्या, आणि पकडीसाठीं मोठे, सहज धुतां येतील असे उंचवटे आकृतींतच द्यावे. हीं तीन रूपें आमच्या कपाटांत शेजारीं शेजारीं ठेवलेलीं आहेत. पहिलें सर्वांत देखणें आहे.

थररचना केव्हां वापरूं नये हेंहि शिकवावें लागतें, आणि उत्साही शिक्षकाला तें सर्वांत जड जातें. मी एक साधें उदाहरण घालतों. समजा, एका डबीच्या सांच्याला तीन लाख रुपये पडतात आणि मग दर डबी पांच रुपयांत निघते. थररचनेंत सांचा लागत नाहीं, पण डबी दीडशे रुपयांस पडते. किती डब्यांनंतर सांचा स्वस्त ? प्रत्येक डबीमागें १४५ रुपये वांचतात. तेव्हां २,०६९ वी डबी निघाली कीं सांच्याची किंमत फिटली. त्याच्या आंत थररचना, बाहेर सांचा. २०२० सालच्या करोनाच्या सांथींत हें गणित साऱ्या जगानें उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. वैद्यांच्या मुखपटलाच्या चौकटी मिळेनात तेव्हां ठिकठिकाणच्या महाविद्यालयांनीं आपलीं यंत्रें रात्रंदिवस चालवून त्या करून दिल्या. एकेका चौकटीला तास-दोन तास आणि कधीं त्याहूनहि अधिक वेळ लागे. पुढें सांचे तयार झाले आणि त्यांतून त्याच चौकटी मिनिटा-मिनिटाला निघूं लागल्या. म्हणून विद्यार्थ्यांची धडपड वायां गेली असें नव्हे. सांचा तयार होईपर्यंतचे जे आठवडे होते, तेच या विद्येचे होते. उलट कानांत बसणाऱ्या श्रवणयंत्राच्या कवचाचें पहा. प्रत्येक कान निराळा, म्हणून तेथें सांच्याचा दिवस कधींच उगवत नाहीं, आणि तीं कवचें आज बहुतेक याच रीतीनें होतात.

धातूची थररचना ही निराळी कथा आहे, आणि पदवीच्या वर्गांत ती थोडीच सांगतां येते. पण थोडी तरी सांगितलीच पाहिजे. ९ मे २०२४ रोजीं भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें पी. एस. एल. व्ही. यानाच्या चौथ्या टप्प्याचें, लेसरनें धातूची भुकटी थरावर थर वितळवून केलेलें इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलें. पूर्वीं त्याचे १४ भाग होते ते एकच झाले; १९ जोड वितळवावे लागत ते नाहींसे झाले; आणि जेथें ५६५ किलो धातु घ्यावी लागे तेथें १३.७ किलो भुकटींत काम झालें. हे आंकडे ऐकून वर्गांत टाळ्या पडतात. त्यानंतर मी त्यांना अशा इंजिनाच्या मागचें काम सांगतों. लेसरखालीं धातु क्षणांत वितळते आणि क्षणांत थिजते. त्यामुळें वस्तूंत इतके ताण कोंडतात कीं, खालच्या जाड पाटापासून ती लगेच सोडविली तर वांकडी होते. म्हणून बहुधा पाटासकट तिला भट्टींत घालून निवांत करावी लागते, मग ती कापून सोडवावी लागते. आंत कोठें सूक्ष्म पोकळी राहिली आहे काय हें क्ष-किरणांनीं पाहावें लागतें. अ‍ॅल्युमिनियमची किंवा टायटेनियमची बारीक भुकटी हवेंत उडाली तर पेट घेऊं शकते, आणि श्वासावाटे फुप्फुसांत गेली तर अपाय करते. म्हणून आर्गन वायूचें आवरण, मुखवटे, हातमोजे. ज्या संस्थेला एवढा बंदोबस्त करतां येत नसेल तिनें धातूचें यंत्र घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. प्लॅस्टिकच्या यंत्रावर शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

राहतां राहिली परीक्षा. या विद्येच्या प्रक्रियांचे सात कुळांत वर्गीकरण झालेलें आहे, आणि तीं सात कुळें लिहा असा प्रश्न प्रश्नपत्रिकेंत हटकून येतो. तो पाठ करून सुटतो. म्हणून मी तो विचारीत नाहीं. माझ्याकडे वर्षाच्या शेवटीं प्रत्येक तुकडी दोन पेट्या आणते. एकींत सुबक वस्तु, दुसरींत बिघडलेल्या. गुण दुसरीला अधिक असतात. मात्र प्रत्येक बिघडलेल्या तुकड्याला चिठ्ठी बांधलेली हवी, आणि तींत तारीख, थराची जाडी, उष्णमान, वस्तु कोणत्या बाजूवर उभी केली होती, काय बिघडलें आणि पुढच्या खेपेस काय बदललें, हें लिहिलेलें हवें. पहिल्या वर्षीं कांहीं हुशार मुलांनीं गुणांसाठीं मुद्दाम तुकडे बिघडवून आणले. चिठ्ठ्यांवरून ते तत्काळ ओळखूं आले, कारण त्यांत पुढच्या खेपेची हकीकतच नव्हती.

तोंडी परीक्षेच्या वेळीं मेजावर पांच-सहा साध्या वस्तु मांडलेल्या असतात : एक बादली, एक वॉशर, कुकराची एक शिट्टी, एक कृत्रिम दांत, जुन्या शिवणयंत्राचें एक मोडकें चाक ज्याचा सुटा भाग आतां बाजारांत मिळत नाहीं, आणि एक चकलीचा सोऱ्या. यांतली कोणती वस्तु तुम्ही थररचनेनें कराल, कोणत्या द्रव्याची, कोणत्या बाजूवर उभी करून, आणि कोणती मुळींच करणार नाहीं, हा प्रश्न. उत्तरासाठीं वीस मिनिटें देतों. गेल्या खेपेस एक मुलगी चाकाची आकृति काढून झाल्यावर बराच वेळ तें मोडकें चाक उलटेंसुलटें करीत राहिली आणि मग मला म्हणाली, “सर, हें जेथें तुटलें आहे तेथें मूळचें ओतीवहि कच्चेंच होतें. मी दांत्यांच्या मुळाशीं जाडी वाढवून नवें करीन, आडवें निजवून. दोन दिवस द्या.” मीं तिला ते दिले. चाक सध्यां तिच्याच घरच्या शिवणयंत्राला लागलेलें आहे.